ली रणगाड्याच्या पोटात: १:३५ मॉडेलच्या आतल्या भागाचं रंगकाम आणि वेदरिंग

रणगाड्याचं मॉडेल बाहेरून कसं रंगवायचं आणि त्याचं वेदरिंग (वापराच्या, झिजेच्या खुणा दाखवणं) कसं करायचं हे शिकवणारं साहित्य मुबलक आहे. आतल्या भागाचं काम मात्र बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकतात: पांढरा मारा, काळा वॉश (फटींत साचणारा अगदी पातळ रंग) फिरवा, छत लावून टाका. त्यामुळे पूर्ण इंटिरियर असलेलं महागडं किट घेऊनही आतला भाग खेळण्यासारखा दिसतो. एक तर पांढराफटक, नाहीतर कोळशाच्या वखारीतून काढल्यासारखा.

यामागे कारण एकच आहे. बाहेरची सवय आपण तशीच आत नेतो. बाहेर रणगाड्याला ऊन, पाऊस आणि धूळ खराब करते. आत त्याला माणसं आणि यंत्र खराब करतात. आत बुटांचे तळवे येतात, ग्रीस लागलेले हात येतात, तोफेतून निघालेली गरम काडतुसं पडतात, गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल पाझरतं. म्हणून माझा नियम सरळ आहे: आतल्या प्रत्येक डागाला मालक हवा. हा ओरखडा कोणाच्या बुटाचा, हा ओघळ कुठल्या नळीचा, हे सांगता येत नसेल तर तो डाग पुसून टाकायचा.

उदाहरणाला मी एम३ ली घेतोय, मिनिआर्ट कंपनीचं १:३५ प्रमाणातलं पूर्ण इंटिरियरचं किट. हा रणगाडा अमेरिकेत १९४१-४२ या काळात सहा हजारांहून जास्त संख्येने तयार झाला. उजव्या बाजूला धडातच बसवलेली ७५ मि.मी.ची तोफ आणि वर छोट्या टरेटमध्ये (फिरत्या बुरुजात) ३७ मि.मी.ची. वाळवंटात जर्मन तोफांपुढे त्याची उंची अंगाशी आली, पण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध तो टिकून राहिला. एप्रिल १९४४मध्ये इम्फाळजवळच्या नुंगशिगुम डोंगरावर थर्ड काराबिनियर्स या ब्रिटिश रेजिमेंटचे ली चढले, मे महिन्यात कोहिमाच्या टेनिस कोर्टाच्या लढाईत एका लीने जपानी खंदकांवर अगदी जवळून मारा केला. कोहिमात एक ली आजही उभा आहे. मॉडेलच्या दृष्टीने मला तो आवडतो दोन गोष्टींसाठी. सुरुवातीच्या उत्पादनात धडाच्या दोन्ही बाजूंना माणूस आत शिरेल एवढी दारं होती, त्यामुळे केलेलं काम खरोखर दिसतं. शिवाय मूळ एम३चं धड रिव्हेटने जोडलेलं, आणि रिव्हेटच्या रांगा वॉशला फार छान साथ देतात. किट घेताना दारं असलेली आवृत्ती आहे ना, एवढं पाहून घ्या. नंतरच्या रणगाड्यांत बाजूची दारं काढून टाकली होती.

आधी टॉर्च, मग ब्रश

धडाचे मोठे भाग कापून मास्किंग टेपने नुसते जुळवा. दारं आणि हॅच (माणसांच्या ये-जा करायच्या झडपा) उघडी ठेवा. आता अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च एका बाजूने धरा आणि प्रत्येक उघड्या जागेतून फोटो काढा. कॅमेरा डोळ्यांपेक्षा प्रामाणिक असतो. आपल्याला काय दिसणार आणि काय कायमचं अंधारात जाणार, हे दहा मिनिटांत कळतं.

त्या फोटोंवरून तीन याद्या करा. थेट दिसणारं: टरेटच्या खाली लोंबणारी बास्केट, दाराच्या समोरची भिंत, मधली जमीन, तोफेची मागची बाजू. सावलीत अर्धवट दिसणारं: चालकाची जागा, गिअरबॉक्स. आणि बंद झाल्यावर न दिसणारं: इंजिनाचा बराचसा भाग, जर वरची झाकणं बंद ठेवणार असाल तर. वेळ या क्रमानेच खर्च करा. भागांवर साच्याच्या पिनांचे गोल ठसे असतात, तेही फक्त पहिल्या यादीतल्या जागी बुजवा. किटमध्ये भागांची संख्या एवढी असते की सगळीकडे सारखाच जीव ओतला तर तिसऱ्या आठवड्यात उत्साह संपतो.

छत न चिकटवता नुसतं बसवायचं, हे माझं ठाम मत. सूचनापत्रकात वरचे पत्रे कुठल्या टप्प्यावर लागतात ते पाहा आणि छताचा पत्रा शेवटपर्यंत सुटा राहील अशी जुळणी आखा.

जुळणीचे तुकडे

सगळं जोडून रंगवणं अशक्य आणि सगळं सुटं रंगवणं वेडेपणाचं. मी साधारण असे तुकडे करतो: जमीन आणि तिच्यावरचा प्रोपेलर शाफ्टचा बोगदा, डावी भिंत, उजवी भिंत, इंजिनापुढची आडवी भिंत, गिअरबॉक्स, ७५ मि.मी.ची तोफ तिच्या माउंटसह, टरेट, बास्केट आणि छत. गोळे, आसनं, वायरलेस संच, पाण्याचे डबे असल्या वस्तू टूथपिकवर किंवा क्लिपवर लावून वेगळ्या रंगवायच्या.

पूर्ण इंटिरियरच्या किटमध्ये भाग फार घट्ट बसतात. प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात), रंग आणि वार्निश मिळून जाडी वाढते आणि भिंत जमिनीच्या खाचेत अर्धा मिलिमीटर वर राहते. मग ती चूक छतापर्यंत चढत जाते. म्हणून चिकटवण्याच्या कडांवर रंगाआधी मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावा. राहिलंच तर ब्लेडने रंग खरवडून मूळ प्लास्टिक उघडं करा. पॉलिस्टिरीनचं सिमेंट रंगावर धरत नाही, प्लास्टिकवरच धरतं.

प्रायमरआधी सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्याचं तेल राहिलं तर पांढरा रंग नेमका त्याच जागी फाटतो.

पांढरा, पण किती पांढरा?

अमेरिकी रणगाड्यांचा आतला भाग पांढरा असे, कारण साधं आहे. बंद पेटीत दोन-चार छोट्या दिव्यांच्या उजेडात माणसांना काम करायचं असतं. पांढऱ्या भिंती उजेड परतवतात. हॅच आणि दारं उघडली की ज्यांची आतली बाजू आकाशाकडे किंवा शत्रूकडे येते, ती मात्र बाहेरच्याच रंगात ठेवण्याची पद्धत होती. मॉडेलमध्ये हा छोटा फरक फार परिणाम करतो. हिरव्या दाराच्या चौकटीतून आत पांढरा भाग दिसला की आत-बाहेर हा भेद लगेच उठून दिसतो.

डबीतला शुद्ध पांढरा वापरू नका. १:३५ मध्ये तो डोळ्यांत खुपतो आणि त्याच्यावर हायलाइट द्यायला जागाच उरत नाही. टामियाच्या एक्सएफ-२ पांढऱ्यात एक्सएफ-५७ बफचे दहा भागांस एक भाग एवढे थेंब टाका. वापरातला, थोडा पिवळटलेला पांढरा मिळतो. खरा रंग चकचकीत असे, पण मॉडेलवर पूर्ण ग्लॉस खोटा वाटतो. शेवटी सॅटिन, म्हणजे अर्धवट चकाकती, झिलई आली की पुरे.

प्रायमर कोणता, हे ठरवताना पुढचा विचार करा. जिथे रंग उडालेला दाखवायचा तिथे खाली रेड ऑक्साइड (तांबडा) हवा: जमीन, दाराचे उंबरठे, बास्केटची कड, आसनांचे पाय. बाकी भिंतींना राखाडी प्रायमर. सगळीकडे तांबडा प्रायमर दिला तर पांढऱ्याचे दोन-तीन हात जास्त द्यावे लागतात आणि रिव्हेटचे बारीक कंगोरे बुजतात.

पांढरा एअरब्रशने मारताना घाई करू नये. रंग आणि थिनर समप्रमाणात किंवा थिनर थोडा जास्त, दाब १२ ते १५ पीएसआय, आणि पहिला हात इतका पातळ की प्रायमर स्पष्ट दिसायला हवा. पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. कोपऱ्यांमध्ये आणि रिव्हेटच्या मुळाशी प्रायमरची किंचित सावली राहू द्या. ती आपल्या कामाची आहे. शेवटी मोकळ्या पत्र्यांच्या मध्यभागी अजून एक पुसट हात, जरा जास्त पांढऱ्या मिश्रणाचा. सपाट भिंतीला खोली येते ती इथेच.

आपल्या हवामानाबद्दल दोन शब्द. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात लॅकर थिनरने पातळ केलेला रंग हवेतल्या दमटपणामुळे धुकट होतो, पृष्ठभागावर पांढरट साय आल्यासारखी दिसते. अशा दिवसांत रंग मारायचाच असेल तर एसी चालू असलेल्या खोलीत मारा किंवा रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारा घटक) असलेला थिनर वापरा. उलट मे महिन्यात नागपूर-सोलापूरकडे रंग एअरब्रशच्या टोकावरच वाळतो. तिथेही रिटार्डरचे दोन थेंब कामाला येतात. लॅकर थिनर वापरताना खिडकी उघडी आणि तोंडावर फिल्टरचा मास्क, यात तडजोड नको.

जमिनीचा रंग उडवणं

भिंतींवर टवके ब्रशने काढता येतात, जमिनीवर ते खरे वाटत नाहीत. जमिनीसाठी हेअरस्प्रेची पद्धत वापरा.

तांबडा प्रायमर पूर्ण वाळल्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन हलके हात द्या. अर्ध्या तासाने वर पांढरा मारा, मात्र या वेळी रंग पाण्याने किंवा टामियाच्या एक्स-२०ए थिनरने पातळ केलेला हवा. लॅकर थिनर वापरला तर रंग खालच्या थराला इतका घट्ट धरतो की पुढे निघतच नाही. रंग हाताला कोरडा लागला की तासाभरात काम सुरू करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. छोटा भाग पाण्याने ओला करा, अर्धा मिनिट थांबा, मग कडक केसांच्या छोट्या ब्रशने टोचत जा. घासू नका, टोचा. पांढरा बारीक तुकड्यांनी निघेल आणि खालचा तांबडा दिसेल. टामियाचा रंग बारीक टवक्यांनी निघतो. व्हॅलेहोचा रंग चामड्यासारखा पट्ट्यांनी सोलला जातो, म्हणून या पद्धतीला मी तो टाळतो.

किती काढायचं याचं माप डोळ्यासमोर ठेवा. १:३५ मध्ये मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. सैनिकाचा बूट मॉडेलवर साडेआठ मिलिमीटरच्या आसपास भरतो. तुमच्या जमिनीवर पाच मिलिमीटरचा टवका असेल तर प्रत्यक्षात तो वितीएवढा होतो. पत्र्यावरून एवढा मोठा रंग सहजी उडत नाही. बहुतेक टवके अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहायला हवेत.

भरपूर वर्दळीच्या जागी तांबडाही टिकत नाही. तिथे उघड्या पोलादाचा, बुटांनी घासून गुळगुळीत झालेला गडद चकाकता रंग येतो. वाळल्यावर अशा जागांवर ग्राफाइटची भुकटी बोटाने चोळा. पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासलं की ती तयार होते. गंज मात्र नको. रोज वापरात असलेल्या रणगाड्यात बूट आणि तेल मिळून पोलाद गंजू देत नाहीत. पेटलेला किंवा वर्षानुवर्षं पडून राहिलेला रणगाडा दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

बारीकसारीक सामान

गोळ्यांपासून सुरुवात करा, कारण डोळा पहिल्यांदा तिथेच जातो. काडतुसाला आधी ग्लॉस काळा द्या आणि त्यावर पितळी धातुरंग. नुसत्या प्लास्टिकवरचं पितळ पिवळ्या प्लास्टिकसारखं दिसतं. चिलखतभेदी गोळ्याचं टोक काळं. उच्चस्फोटक गोळ्याचं ऑलिव्ह ड्रॅब, त्यावर पिवळी अक्षरं. धुराच्या गोळ्याचं राखाडी आणि पिवळा पट्टा. किटच्या डिकॅलमध्ये (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पट्ट्यांत) ही अक्षरं मिळाली तर लावाच. रॅकमध्ये उभ्या असलेल्या गोळ्यांच्या ओळीत पिवळी अक्षरं दिसली की भाग जिवंत वाटतो. सगळे गोळे एकाच प्रकारचे ठेवू नका. रॅकच्या एक-दोन जागा रिकाम्या सोडा आणि त्या खळग्यांच्या कडा घासलेल्या दाखवा.

तोफेच्या ब्रीचमध्ये (गोळा भरायच्या मागच्या भागात) सरकणारा ब्लॉक आणि त्याच्या वाटेच्या बाजू रंगवलेल्या नसतात. तिथे गडद पोलादी रंग आणि त्यावर तेलाची पातळ चकाकी. बाकीचा भाग रंगवलेला. या दोन पृष्ठभागांतला फरक नीट दाखवला तर तोफ जड वाटते.

आसनांच्या गाद्या, पट्टे, दस्त्यांची मुठीची रबरं हे सगळं पूर्ण मॅट. चामड्याला तपकिरी रंगावर फिकट तपकिरीचा कोरडा ब्रश (रंग जवळपास पुसून घेतलेला) कडांपुरता. डॅशबोर्डवरची घड्याळं डिकॅलनेच करा. हाताने रंगवलेली सहसा फसतात. डिकॅल बसलं की प्रत्येक घड्याळावर ग्लॉस वार्निशचा एक थेंब सोडा, काचेचा भास होतो.

किटमध्ये बहुतेक वेळा वायरी नसतात, आणि वायरींशिवाय भिंत रिकामी दिसते. इलेक्ट्रिकच्या मऊ वायरचं आवरण सोलून आतली तांब्याची एक तार घ्या. ०.३ मिलिमीटरची तार प्रत्यक्षात सेंटिमीटरभर जाडीची केबल होते, म्हणजे वायरलेस आणि इंटरकॉमला अगदी योग्य. ती सरळ रेषेत ताणू नका. दोन क्लिपांच्या मध्ये तिला थोडा झोल द्या, कोपऱ्यात वळवा. मग मॅट काळा, पण त्यात थोडा राखाडी मिसळून.

वॉश: काळा हद्दपार

पांढऱ्यावर काळा वॉश दिला की चित्रकथेतली रेघ मारल्यासारखं दिसतं. पांढऱ्या पृष्ठभागाला उबदार राखाडी-तपकिरी वॉश हवा. बर्न्ट अंबर आणि थोडा राखाडी असं मिश्रण करा. कॅमलचे आर्टिस्ट दर्जाचे तैलरंग याला पुरेसे आहेत. रंग ट्यूबमधून थेट घेण्याऐवजी आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढा आणि तासभर राहू द्या. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. पातळ करायला वासरहित व्हाइट स्पिरिट उत्तम. रंगाच्या दुकानातलं एमटीओही (मिनरल टर्पेंटाइन) चालतं, पण वास जास्त आणि वाळायला वेळ लागतो.

वॉशच्या आधी सगळ्यावर ॲक्रिलिक ग्लॉस वार्निशचा एक हात हवाच. टामियाचं एक्स-२२ चांगलं. मॅट पांढऱ्यावर वॉश थेट दिला तर तो पृष्ठभागात मुरतो, पसरतो आणि कायमचा पिवळा डाग ठेवतो. वार्निश रात्रभर वाळू द्या.

मग बारीक ब्रशचं टोक वॉशमध्ये बुडवून रिव्हेटच्या मुळाला, पत्र्यांच्या सांध्याला, क्लिपांच्या खाली नुसतं टेकवा. वॉश आपोआप फटीतून धावतो. संपूर्ण भिंतीवर ब्रश फिरवायचा नाही. वीस मिनिटांनी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने जास्तीचा रंग काढा, आणि काढताना ब्रश वरून खाली ओढा. भिंतींच्या खालच्या भागात थोडा जास्त रंग राहू द्या. उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताणाखाली चिकटवलेल्या बारीक दांड्यांवर, वॉशचं तळं साचू देऊ नका. स्पिरिटने प्लास्टिक ठिसूळ होऊन दांडी मोडते.

कोण कुठे बसतं?

आता खरं काम. एका कागदावर रणगाड्याच्या जमिनीचा आराखडा काढा आणि प्रत्येक माणसाची जागा लिहा. लीमध्ये अमेरिकी पद्धतीने सात माणसं असत. ब्रिटिशांनी ती संख्या कमी करून सहा केली. चालक पुढे गिअरबॉक्सजवळ. ७५ मि.मी. तोफेचा तोफची तोफेच्या डाव्या अंगाला आणि तिच्यात गोळे भरणारा मागे. टरेटमध्ये कमांडर, ३७ मि.मी.चा तोफची आणि त्याचा गोळे भरणारा.

आता प्रत्येकाच्या वाटा काढा. आत कुठून येतो, पाय पहिला कुठे ठेवतो, हात कशाला धरतो, बसल्यावर टाच कुठे टेकते. या वाटाच तुमच्या टवक्यांचा नकाशा.

दाराचा खालचा उंबरठा सगळ्यात जास्त झिजणार. घराच्या जुन्या लाकडी उंबरठ्यासारखाच तो मधोमध खोल झिजतो आणि कडांना रंग टिकून राहतो. दोन्ही टोकांपर्यंत सारखा खरवडला तर तो वापरलेला न वाटता नुसता फाटलेला वाटतो. दाराच्या वरच्या चौकटीवर हात धरण्याची जागा: तिथे टवके कमी, पण हातांच्या तेलाने आलेलं तपकिरी किटण जास्त. ते तैलरंगाच्या अगदी पातळ डागाने दाखवा आणि बोटाने पसरवा. दाराच्या आतल्या कडीजवळ बारीक अर्धगोल ओरखडे, कारण कडी रोज त्याच कमानीत फिरते.

७५ मि.मी.चे गोळे भरणारा माणूस सगळ्यात जास्त हालचाल करतो. तो रॅककडे वळतो, गोळा उचलतो, तोफेकडे फिरतो. त्याच्या पायाखालची जमीन जवळपास पोलादापर्यंत उघडी. रॅकच्या कडेला पितळ घासल्याच्या बारीक पिवळसर रेघा येतात. धातुरंगात बुडवून पुसलेला ब्रश रॅकच्या ओठांवर एकदाच ओढला की पुरे. तोफेच्या मागे काडतुसं पडण्याच्या जागेवर लहान, खोल, गोलसर टोचे द्या. हे टोचे मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण ते पाहणाऱ्याला न सांगता सांगतात की ही तोफ खूप चालली आहे.

चालकाच्या दोन लिव्हर आणि पेडलं घासून चमकलेली असतात. टाच टेकते तिथे एक छोटा वर्तुळाकार पोलादी डाग, बाकी जमीन तुलनेने स्वच्छ. चालक जागेवरून उठत नाही. त्याच्याभोवती टवक्यांचा पाऊस पाडायचं काही कारण नाही.

टरेटची बास्केट फिरते. म्हणून तिच्या कडेला जे काही घासतं ते आडव्या रेघांमध्ये घासतं, उभ्या नाही. बास्केटच्या बाहेरच्या बाजूला जमिनीलगत बारीक आडवे ओरखडे द्या. बास्केट आणि जमीन यांच्यामधल्या जागेत सगळं सांडलेलं जमा होतं: माती, काडतुसांचे तुकडे, सिगारेटची थोटकं. तिथे झाडू पोहोचत नाही.

टवके ब्रशने काढताना दोन रंग ठेवा. आधी तांबूस तपकिरी, मग त्याच्या आतच त्याहून लहान गडद पोलादी ठिपका. स्पंजचा बारीक तुकडा चिमट्यात धरून टिपणं वर्दळीच्या कडांवर चालतं. भिंतीच्या मध्यभागी मात्र प्रत्येक टवका हाताने काढा. पांढऱ्यावर सगळं फार मोठ्याने बोलतं, त्यामुळे संयम इथे दुप्पट लागतो. छताची आतली बाजू जवळजवळ कोरी ठेवा; तिथे फक्त हॅचच्या कडा आणि ७५ मि.मी.च्या तोफेवर येणाऱ्या भागात पुसट काजळी.

तेल, धूळ, चिखल

तेलाचे डाग चिखलाआधी. गिअरबॉक्सचे सांधे, प्रोपेलर शाफ्टच्या टोकाची बेअरिंग, टरेट फिरवायच्या दातेरी चाकाचा घेर या जागा तेलकट. गडद तपकिरी तैलरंगात ग्लॉस वार्निश मिसळा, एक ठिपका टेकवा आणि स्वच्छ ब्रशने खाली छोटासा ओघळ ओढा. ताजा डाग चकाकतो, जुना मॅट होतो. दोन्ही दाखवायचे असतील तर जुने आधी, त्यांच्यावर मॅट वार्निश, मग ताजे.

माती कोणती, हे तारखेवर ठरवा. हाच मुद्दा अनेकजण विसरतात. एप्रिलमधला नुंगशिगुमचा ली दाखवायचा असेल तर पाऊस अजून लागलेला नाही. आत कोरडी तपकिरी धूळ, बुटांनी आणलेली. मे संपता संपता आणि जूनमध्ये कोहिमाच्या परिसरात धो धो पाऊस आणि घोट्यापर्यंत चिखल. तेव्हा जमिनीवर ओल्या मातीचे ठसे, उंबरठ्यावर थापलेला चिखल, आणि बास्केटच्या तळाशी साचलेला गाळ. दोन्ही एकाच मॉडेलवर घालू नका.

कोरड्या धुळीसाठी पिगमेंट (रंगाची भुकटी) कोरडंच ब्रशने कोपऱ्यांत टाका आणि व्हाइट स्पिरिटचा थेंब लांबून सोडा; वाळलं की ती जागेवर बसते. किटच्या रंगांएवढं महाग पिगमेंट नको असेल तर सॉफ्ट पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून त्याची भुकटी करा. चिखलासाठी त्याच भुकटीत ॲक्रिलिक मॅट मीडियम आणि चिमूटभर अगदी बारीक चाळलेली माती. जिथे बूट पडतो तिथेच तो लावा: दाराच्या आतली जमीन, आसनांसमोर, बास्केटची पायरी. भिंतींवर चिखल नको. गुडघ्याच्या वर कोणी बूट घासत नाही.

शेवटचे हात आणि बंद करणं

वेदरिंग संपलं की सगळ्यावर मॅट आणि सॅटिन वार्निश समप्रमाणात मिसळून एक पातळ हात. मग परत निवडक जागी चकाकी आणा: ब्रीचचा ब्लॉक, ताजं तेल, घड्याळांच्या काचा, पेरिस्कोपची भिंगं. सगळं सारखं मॅट ठेवलं तर धातू, रबर आणि रंगवलेला पत्रा एकाच पदार्थाचे वाटतात.

रिकामी काडतुसं दोन-तीन, तोंडाशी काजळी लावून, तोफेमागे पडलेली. एखादी घडी घातलेली नकाशाची पट्टी, हेल्मेट, पाण्याची बाटली. यापेक्षा जास्त सामान घातलं तर केलेलं रंगकाम झाकलं जातं.

दारांतून आत उजेड पोहोचत नाही अशी तक्रार नेहमीची. मला लपवलेले एलईडी आवडत नाहीत, कारण त्यांचा उजेड खालून किंवा मागून येतो आणि सगळ्या सावल्या उलट्या पडतात. लावायचाच असेल तर छताच्या आतल्या बाजूला मधोमध एकच उबदार पांढरा एलईडी, आणि बॅटरी बेसमध्ये.

बाहेरचा रंग मारण्याआधी सगळ्या उघड्या जागा आतून झाका. दारांच्या आकाराचे ओलसर स्पंजचे तुकडे हळूच बसवा आणि कडांना मास्किंग टेप. एअरब्रशचा धुरळा दिसत नाही, पण तो पांढऱ्या भिंतीवर हिरवी मखमल पसरवतो, आणि मग ती निघत नाही. रंग मारून झाल्यावर स्पंज लगेच काढा, आत दमटपणा कोंडू देऊ नका.

आतल्या वस्तू जागेवर बसवताना गोंदाची काळजी घ्या. इन्स्टंट ग्लूची वाफ बंद जागेत कोंडली की पारदर्शक भागांवर आणि ग्लॉस पृष्ठभागांवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो. पेरिस्कोप आणि काचेच्या जवळपास त्याऐवजी पीव्हीए गोंद वापरा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो. दारं आणि हॅचही पीव्हीएनेच लावा, म्हणजे पुढे कधी कोन बदलावासा वाटला तर पाण्याने सैल करून काढता येतात. पॉलिस्टिरीनचं सिमेंट वापरलं असेल तर छत ठेवण्याआधी पूर्ण एक दिवस मॉडेल उघडं राहू द्या, वास पूर्ण जाईपर्यंत. त्यानंतरच छत नुसतं टेकवा आणि टरेट बसवून एकदा गोल फिरवून पाहा, बास्केट कुठे घासत तर नाही ना.